चित्राची पाठ आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या जुन्या तैलचित्रांची किंमत कशी ओळखावी, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला आहे. पावसाने ओल्या झालेल्या पॅरिसच्या रस्त्याचे, कोपऱ्यात कुठल्याशा फ्रेंच आडनावाची सही असलेले चित्र छापून त्याला ‘इम्प्रेशनिस्ट शैलीतील दुर्मीळ कृती’ म्हटले आहे. सही शोधा, ती इंटरनेटवर ताडून बघा, किंमत कळेल, असा सल्लाही वाचकांना दिला आहे. तैलचित्रांची डागडुजी आणि मूल्यांकन हे आमचे रोजचे काम, म्हणून हे पत्र. बाजारात शैलीला भाव नसतो, चित्र कोणाच्या हातचे हे सिद्ध झाले तरच भाव मिळतो. आणि ते ठरवायला सहीपेक्षा चित्राची मागची बाजू जास्त उपयोगी पडते.

आधी त्या पॅरिसच्या रस्त्याविषयी. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे उजेडाचा क्षणभराचा ठसा मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणाऱ्या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १८७४ साली भरले. पुढच्या पन्नास वर्षांत त्या शैलीतला सोपा भाग सजावटीच्या चित्रांनी उचलला: तुटक फटकारे, ओल्या फरशीवर दिव्यांचा पिवळा उजेड, दोन फटकाऱ्यांत उभी राहणारी छत्रीवाली बाई. एदुआर कोर्तेस (१८८२-१९६९) या चित्रकाराने पॅरिसच्या अशा संध्याकाळी आयुष्यभर रंगवल्या आणि त्या खपल्याही. त्याच्यामागून आँत्वान ब्लांशार (१९१०-१९८८) आला. हे टोपणनाव, मूळ नाव मार्सेल मासाँ. त्याच्या रस्त्यांवर घोड्यांच्या बसगाड्या धावतात, पण चित्र काढलेले असते मोटारींच्या जमान्यात. चित्रातला काळ आणि चित्राचा काळ यांत गल्लत होण्याची ही पहिली जागा. कोर्तेस आणि ब्लांशार या दोघांच्याही नकला भरपूर झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात फर्निचरच्या दुकानांतून, सोफ्यामागच्या भिंतीसाठी म्हणून, अशी हाताने रंगवलेली चित्रे ढिगाने विकली गेली. हाँगकाँगमधून ती घाऊक निघत. १९८९ नंतर शेन्झेनजवळच्या दाफेन गावात हा धंदा वसला. तिथल्या काही कारखान्यांत एकाने आकाश रंगवायचे, दुसऱ्याने इमारती, तिसऱ्याने माणसे, अशी विभागणी असे. अमेरिकेतून परतलेल्या मराठी कुटुंबांच्या सामानातून यातली कित्येक चित्रे पुण्या-मुंबईत आली आहेत. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानांतही ती दिसतात.

म्हणून ‘हाताने रंगवलेले अस्सल तैलचित्र’ एवढ्याने काहीच ठरत नाही. घाऊक मालही हातानेच रंगवलेला आणि तैलरंगातलाच असतो. कित्येकदा मागे तसा इंग्रजी शिक्काच मारलेला असतो. नाव असलेल्या चित्रकाराला असा शिक्का मारायची गरज पडत नाही.

तपासणीची सुरुवात चित्र भिंतीवरून उतरवून करावी. टेबलावर स्वच्छ चादर घालून चित्र उपडे ठेवावे. रंगाचे जाड उंचवटे असतील तर उपडे न ठेवता भिंतीला टेकवून उभे करावे, नाहीतर टोके चेपतात. मागे तपकिरी कागद चिकटवलेला असेल तर तो ओढून फाडू नये. कडेने पात्याने कापून अखंड काढावा आणि जपून ठेवावा, कारण दुकानाच्या आणि प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या त्यावरच चिकटवलेल्या असतात. फ्रेममधून चित्र सोडवताना वाकवलेले खिळे पकडीने सरळ करावेत. पेचकसाने उचकटायला गेले की हमखास हात घसरतो आणि कॅनव्हासला भोक पडते. आमच्याकडे येणाऱ्या ताज्या भोकांपैकी बरीच अशीच पडलेली असतात.

आता कॅनव्हास ताणलेली लाकडी चौकट बघा. चांगल्या चौकटीचे कोपरे एकमेकांत नुसते बसवलेले असतात आणि आतल्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यात दोन लाकडी पाचरी असतात. कॅनव्हास ढिला पडला की त्या हलकेच ठोकून तो पुन्हा ताणता येतो. घाऊक चित्रांत हा खर्च वाचवलेला असतो. कोपरे खिळे मारून किंवा चिकटवून पक्के केलेले, लाकूड हलक्या पाइनचे आणि पाचरी नाहीत. पाचर असून एखादी गायब असेल तर खालच्या पट्टीशी कॅनव्हास बाहेर फुगला आहे का ते बघा. निसटलेली पाचर, भिंतीचा पोपडा, धूळ, कधी एखादे नाणे, असे सगळे कॅनव्हास आणि खालची पट्टी यांच्यामधल्या फटीत साचते. समोरून तिथे फुगवटा दिसतो आणि वर्षानुवर्षे तो राहिला तर नेमका त्यावरचा रंग तडकतो. तो माल मागून पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीने सावकाश बाहेर काढता येतो. समोरून फुगवटा दाबू नये.

कॅनव्हास कशाने ठोकला आहे? बारीक चपट्या डोक्यांचे, गंजलेले खिळे जुनेपणाच्या बाजूने बोलतात. स्टेपलच्या पिना साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास दिसू लागतात. पण घाई नको. जुने चित्र नव्याने ताणून पिना मारलेल्या असू शकतात. तसे असेल तर कडेला जुन्या खिळ्यांची गंजाची वर्तुळे असलेली रिकामी भोके दिसतात. उलट, नव्या कॅनव्हासवर जुने खिळे वापरून म्हातारपण आणणारेही आहेत. तिथे खिळ्याभोवतीच्या कापडावर गंज पसरलेला नसतो. कॅनव्हासचा मागचा रंगही बघावा. लिननचे धागे कमीजास्त जाडीचे आणि मध्ये गाठी असलेले असतात, वयाप्रमाणे ते आपसूक काळपट तपकिरी होतात आणि चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला भाग तुलनेने उजळ राहतो. पट्टीखालीही तितकाच तपकिरी रंग दिसला, किंवा डागांना ओघळाच्या कडा असल्या, तर चहाचे पाणी फिरवलेले आहे असे समजावे.

मोजपट्टी लावावी, फ्रेमची नव्हे, कॅनव्हासची. आधी उंची, मग रुंदी, सेंटीमीटरमध्ये. फ्रान्समध्ये कॅनव्हास ठरावीक मापांत मिळतात (इथे लांब बाजू आधी लिहिली आहे): ४६×३३, ५५×४६, ६१×५०, ७३×६० अशी. ब्लांशारची बरीच चित्रे पहिल्या दोन मापांची आहेत. अमेरिकी बाजारासाठीचा माल १६×२०, २४×३६, २४×४८ इंचांत येतो. पॅरिसचे म्हणवणारे चित्र बरोबर २४×४८ इंच निघाले तर ते सोफ्याच्या लांबीशी जुळवलेले असण्याची शक्यता दाट. फक्त २०×२४ इंच आणि फ्रेंच ६१×५० यांत जेमतेम सेंटीमीटरचा फरक, म्हणून तिथे मापावर विसंबू नये.

मग समोरची बाजू. दहापट भिंग घ्यावे. हल्ली कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली चित्रेही तैलचित्र म्हणून विकली जातात. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, किंवा जेलचा उंचवटा एकीकडे आणि रंगाची कड दुसरीकडे गेली, की तो छापील प्रकार. खऱ्या फटकाऱ्यात रंग आणि उंचवटा एकत्रच वळतात. खोलीत अंधार करून टॉर्च कडेकडून, अगदी तिरकी धरावी म्हणजे पृष्ठभागाची चढउतार कळते. घाऊक चित्रकाराचा हात इथेच उघडा पडतो. झाडाची पाने म्हणून सुरीने मारलेले थापटे एकाच कोनात, एकाच लांबीचे, मोजून मारल्यासारखे. खिडक्या सगळ्या एकाच ब्रशच्या एकेका दाबाने उमटवलेल्या. कोर्तेसच्या चांगल्या चित्रात दुकानांच्या काचांतला उजेड आत कुठून येतो, तो फरशीवर किती लांब पोचतो आणि गर्दीतल्या कोणाच्या पाठीवर पडतो, याचा हिशेब लागतो. नकलेत पिवळा रंग सगळीकडे सारखा शिंपडलेला असतो.

तड्यांवर लोकांचा फार विश्वास. वयाचे तडे अस्तरापर्यंत, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासवर दिलेल्या थरापर्यंत, खोल जातात, जाळ्यासारखे पसरतात आणि चौकटीच्या आतल्या कडेला समांतर रेघ धरतात, कारण तिथे कॅनव्हास सतत घासतो. चित्र गुंडाळून पाडलेले तडे एकाच दिशेने, समांतर जातात. वरचा थर आधी सुकून खालचा ओला राहिला तर रुंद, कातड्यासारखे तडे येतात. ते चित्र पाच वर्षांचे असतानाही येऊ शकतात. तेव्हा तडे म्हणजे वय नव्हे, आणि घाईने उरकलेल्या स्वस्त चित्रांना ते लवकर पडतात.

अतिनील टॉर्च आता स्वस्तात मिळते, पण ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची घ्या. ३९५ ची घेतली तर जांभळ्या उजेडातच सगळे बुडून जाते. डामरसारखे (ही झाडाची राळ, रस्त्याचे डांबर नव्हे) जुने नैसर्गिक वॉर्निश हिरवट धुक्यासारखे चमकते आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी काळ्या डागांसारखी उठून दिसते. पांढऱ्या रंगांपैकी झिंक व्हाइट पिवळट हिरवा उजळतो, टायटॅनियम व्हाइट मंदच राहतो. कॅनव्हासच्या मागच्या बाजूचे धागे निळसर पांढरे लखलखले तर त्यात कापड उजळवण्याचे रसायन आहे. ते १९५० च्या सुमारास रुळले, तेव्हा १८९० सालचे पॅरिस तिथेच संपले. टायटॅनियम व्हाइट १९२० च्या आसपास बाजारात आला आणि थॅलो ब्लू हा निळा रंग १९३५ साली. टायटॅनियम आहे की नाही हे रंगातली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्स-रे फ्लुओरोसन्स यंत्राने मिनिटभरात कळते. मात्र मोजणी डागडुजी नसलेल्या जागी करावी, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्याच्या पांढऱ्या रंगावरून चित्राचे वय ठरते. अशा तपासण्यांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे किंवा लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेकडे विचारणा करावी. पण हा खर्च केव्हा? कागदपत्रे आणि चित्राचा दर्जा या दोन्हींवरून आशेला जागा असेल तेव्हाच.

सहीकडे आम्ही मुद्दाम इतक्या उशिरा आलो. सहीत दोन गोष्टी बघायच्या. सहीचा रंग तड्यांच्या आत उतरला असेल तर चित्र तडकल्यानंतर कोणी तरी ती केली आहे. अतिनील उजेडात ती वॉर्निशच्या वर काळी तरंगत असेल तरीही संशय घ्यावा. पण तडे सहीतूनही गेले आहेत आणि सहीच्या ब्रशने खालचा ओला रंग थोडा ओढला आहे, म्हणजे सही चित्राबरोबरचीच, एवढेच सिद्ध होते. ती कोणाची, हे नाही. घाऊक चित्रांवर नुसते आडनाव, बारीक ब्रशने, काळ्या किंवा लाल रंगात, चित्र ओले असतानाच घातलेले असते. पुष्कळदा ते नाव दुकानासाठी बनवलेले असते, आणि एकाच नावाखाली चार जणांचे हात दिसतात. फोनवर फोटो टाकून शोधले की त्याच सहीची पन्नास चित्रे सापडतात आणि मालकाला वाटते चित्रकार प्रसिद्ध आहे. ती चित्रे कुठे विकली गेली ते बघा. सगळी घरगुती सामानाच्या विक्रीत असतील तर उत्तर मिळाले.

लिलावाच्या सूचीतली भाषाही नीट वाचावी. ‘अमुक यांचे’ म्हणजे लिलावगृह आपले नाव पणाला लावते. ‘अमुक यांचे मानले जाते’ ही एक पायरी खाली, ‘अमुक यांच्या स्टुडिओतले’ त्याखाली, ‘अनुयायाचे’ आणखी खाली आणि ‘अमुक यांच्या शैलीत’ म्हणजे त्या माणसाचा चित्राशी काही संबंध नाही. तसेच ‘सही केलेले’ म्हणजे सही त्याच चित्रकाराची असे त्यांचे मत, आणि ‘सही असलेले’ म्हणजे तिथे अक्षरे आहेत, बाकी तुमचे तुम्ही बघा. पायरी उतरली की किंमत झपाट्याने घसरते. कोर्तेसचे सिद्ध चित्र परदेशी लिलावात हजारो डॉलरना, चांगले असेल तर पाच आकडी रकमेला जाते. ब्लांशार त्याच्या बऱ्याच खाली. ‘शैलीतले’ चित्र बहुतेक शंभर-तीनशे डॉलरमध्ये उरकते. कोर्तेसच्या चित्रांची तपशीलवार सूची झालेली आहे, आणि त्या कामातल्या तज्ज्ञाच्या पत्राशिवाय मोठे लिलावगृह सहसा त्याचे चित्र घेत नाही.

मराठी घरांत मात्र उलटी चूकही होते, ती आम्हाला जास्त बोचते. पॅरिसच्या रस्त्याला फ्रेम करून दिवाणखान्यात टांगतात आणि माळ्यावरचा घाटाचा, नदीकाठच्या देवळाचा, बिनसहीचा, जाड पुठ्ठ्यावर रंगवलेला छोटा बोर्ड रद्दीत जातो. मुंबईत मोकळ्या उजेडात निसर्गचित्रे काढायची जुनी परंपरा आहे: जे. जे. स्कूल (१८५७), बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८), चित्रकार सावळाराम हळदणकर, नारायण श्रीधर बेंद्रे, आणि १९३८ साली व्हिएन्नाहून आलेला वॉल्टर लँगहॅमर, ज्याच्या मोकळ्या रंगांचा रझा आणि आरा या चित्रकारांवर परिणाम झाला. अशा बोर्डामागे प्रदर्शनाच्या प्रवेशिकेची चिठ्ठी असते. तिच्यावर शीर्षक, क्रमांक, मागितलेली किंमत लिहिलेली असते आणि ती त्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या सूचीशी ताडता येते. एवढीशी चिठ्ठी ठळक सहीपेक्षा भारी पडते. ‘आजोबांनी प्रत्यक्ष चित्रकाराकडून घेतले’ एवढी आठवण मात्र पुरत नाही. २००९ साली दिल्लीत रझांच्या सुरुवातीच्या चित्रांच्या प्रदर्शनात खुद्द रझा हजर होते आणि भिंतीवरची चित्रे आपली नव्हेत असे त्यांनीच सांगितले. तेव्हा पावती, पत्र, त्या काळचा भिंतीवरच्या चित्रासह घरातला फोटो, जे असेल ते शोधावे.

आपल्या लेखात चित्र कापलेल्या बटाट्याने पुसायला सांगितले आहे. कृपा करून हा सल्ला मागे घ्या. बटाट्याचा स्टार्च रंगाच्या खाचांत राहतो, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. पाणी तड्यांतून अस्तराच्या सरसापर्यंत पोचते, सरस फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. चमक यावी म्हणून खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. तेल धूळ धरते, आणि जवसाचे तर पिवळे पडते आणि पुढे रंगाला इजा न करता काढणेच कठीण होते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडणे, तेही रंग कुठे सुटलेला नाही याची खात्री करून, एवढेच घरी करावे. मूल्यांकनाआधी साफसफाई तर नकोच. वॉर्निशबरोबर पुरावाही जातो. आणि ज्या चित्राची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून कमी, त्याला मागून नवे कापड चिकटवण्याचा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहावे.

किंमत काढताना विक्रेत्यांनी मागितलेले भाव बघू नयेत, झालेले व्यवहार बघावेत. त्याच चित्रकाराचे, त्याच विषयाचे, जवळपासच्या मापाचे, गेल्या चार-पाच वर्षांत विकलेले तीन-चार नमुने शोधावेत. न विकली गेलेली चित्रेही मोजावीत, ती जास्त खरे सांगतात. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले वीस-पंचवीस टक्के धरले आहेत का, हे बघावे. विकणाऱ्याच्या हाती त्याखालचीच रक्कम येते, शिवाय त्याच्याकडूनही कमिशन कापले जाते. चित्रकाराचे नाव लागतच नसेल तर भाव फक्त सजावटीचा: माप, विषय, रंगसंगती, चित्राची अवस्था आणि फ्रेम. जुनी सागवानी किंवा हाताने सोन्याचा वर्ख लावलेली फ्रेम पुष्कळदा आतल्या चित्राहून महाग असते. विकताना तिला फुकटात देऊ नका.

मूल्यांकन कशासाठी हे आधी सांगावे, कारण आकडा त्यावर बदलतो. विम्यासाठी तसेच चित्र दुकानातून पुन्हा घ्यायला काय पडेल ते धरतात, वाटणीसाठी आजचा बाजारभाव. वारशाने आलेले जुने चित्र विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबाला १ एप्रिल २००१ रोजीचा भाव लागू शकतो. चित्र ही ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून करातून सुटत नाही, हे अनेकांना माहीत नसते. चित्र शंभर वर्षांचे असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. तितके जुने नसेल पण तसे दिसत असेल, तर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा, नाहीतर ते कस्टममध्ये अडकून पडते.

मूल्यांकन करणाऱ्याला ठरावीक फी द्यावी, किमतीच्या टक्क्यांवर काम देऊ नये. ‘मीच घेतो’ म्हणणाऱ्याचा आकडा मूल्यांकन म्हणून धरू नये. अहवाल लेखी हवा. त्यात तारीख, उद्देश, माप, माध्यम, समोरचे आणि मागचे फोटो, अवस्था, चित्रकाराबद्दलचे मत वरच्या कोणत्या पायरीवरचे आहे, आणि ताडून बघितलेले व्यवहार असायला हवेत. नुसत्या फोटोवरून काम सांगायचे असेल तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, फ्रेम काढून घ्या: पूर्ण समोर, पूर्ण मागे, चारही कोपरे, तिरक्या टॉर्चमधला एक आणि शेजारी मोजपट्टी ठेवून सहीचा एक. मागचा फोटो न मागता व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा सांगणाऱ्याला फी देऊ नये.

आपले,
तैलचित्र संवर्धन व मूल्यांकनाच्या कामातील दोन वाचक, मुंबई